आप्पा आणि पलीकडे

आप्पांना ‘काय आप्पा, बरं आहे ना?’ असं विचारायची पद्धत आमच्या गल्लीत नाही. विचारणाऱ्याजवळ निदान अर्धा तास मोकळा लागतो, आणि उत्तर ऐकून झाल्यावर आपलं तरी बरं आहे का, अशी शंका त्यालाच येऊ लागते. म्हणून जाणती माणसं लांबूनच ‘राम राम’ घालतात आणि स्कूटरचा वेग वाढवतात. सापडतो तो नवखा माणूस. तो नवखा आहे हे लगेच कळतं, कारण तो हसत हसत आप्पांच्या ओट्याकडे येत असतो.

आप्पा पंचावन्न आणि साठ यांच्या मधले. शाहपूरकडे थोडी केळी, गावात चार पॉवरलूम, वरच्या मजल्यावर इंदूरकडचे भाडेकरू, मुलगा शिकून नोकरीच्या शोधात, मुलगी लग्नाची, आई ऐंशीच्या पुढे. काळजी करायला लागतं ते सगळं घरात हजर. पण एवढं तर नागपूरच्या नाहीतर नाशिकच्या कुठल्याही गृहस्थाच्या घरात असतं. त्यात बुऱ्हाणपूरचं असं काही नाही. आप्पा खास बुऱ्हाणपूरचे ठरतात ते एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘पलीकडे’.

‘पलीकडे’ म्हणजे महाराष्ट्र. आमच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर इच्छापूर. तिथल्या देवीला हात जोडून थोडं पुढे गेलं की राज्य बदलतं. शेतं तीच, केळी तीच, पाहुणेही तेच; फक्त सरकार दुसरं. बाकीच्या जगाला ‘आपण तसं केलं असतं तर?’ हा प्रश्न रात्री झोप येईना म्हणजे पडतो. आमच्याकडे त्या प्रश्नापर्यंत थेट एसटी जाते. सकाळी बसावं आणि आपण जे केलं नाही ते करून लोक कसे राहतात, हे दुपारपर्यंत रावेरला पाहून यावं. एवढी सोय असल्यावर माणूस सुखी कसा राहणार?

याची सुरुवात आप्पांच्या आजोबांपासून आहे. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. त्या साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरसकट विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचं निमाड मध्य प्रदेशातच राहिलं. आजोबांची राजधानी नागपूर, वडिलांची भोपाळ, आणि घर तेच. आजोबा म्हणे शेवटपर्यंत ‘वर नागपूरला लिहितो’ अशी धमकी देत. नागपूरचा आता काही संबंध नाही हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही. आप्पांना भोपाळ तीनशे किलोमीटरच्या पुढे आणि जळगाव शंभराच्या आत. रेल्वे स्टेशन भुसावळ विभागात, कलेक्टर भोपाळच्या हुकमातला, गाडीची पाटी एमपी ६८, आणि गाडीत बसलेला सगळा गोतावळा एमएच १९. २००३ च्या १५ ऑगस्टला बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा प्रत्येक कागदासाठी खंडव्याला धावायचं एक मोठं टेन्शन गेलं. आप्पांना त्यानंतर बरेच दिवस चुकल्यासारखं होत होतं.

कागदांवरून आठवलं. आप्पांच्या कपाटात एक जाड पिशवी आहे. घराला आग लागली तर आधी आई, मग पिशवी आणि मग वहिनी, असा क्रम त्यांनी ठरवून ठेवला आहे, आणि तो वहिनींना माहीत आहे. पिशवीत दोन राज्यांना पुरून उरेल एवढी कागदपत्रं आहेत. ओबीसीच्या दाखल्याला इकडे १९८४ चा रहिवास दाखवावा लागतो, पलीकडे १९६७ चा. आप्पांकडे दोन्ही आहेत. १९५० पूर्वीची एक पावतीही आहे. ती कसली आहे हे वाचता येत नाही, पण शिक्का चांगला उठलेला आहे.

“अहो, पण तुम्हाला पलीकडचा दाखला कशाला लागतोय?” मी एकदा विचारलं.

“मला नाही लागत,” आप्पा आवाज खाली आणून म्हणाले. “पण उद्या पोरगी रावेरला दिली, तिचा पोरगा मोठा झाला, त्याला कुणी विचारलं की तुझ्या आईचे वडील कोण होते, तर?”

जन्माला न आलेल्या नातवाचा दाखला नामंजूर होईल, या काळजीने माणूस रात्री दोन वाजता उठून पिशवी चाचपतो. मुलगी अजून कुणाला दिलेली नाही. तिथेही पेच आहेच. पलीकडचं स्थळ आलं की ‘पोरगी दुसऱ्या राज्यात जाईल’ हे टेन्शन, आणि इंदूर-खंडव्याचं आलं की ‘घरात हिंदी बोलतील’ हे टेन्शन. पलीकडचे लोकही कमी नाहीत. ‘मुलगी एमपीची आहे, पण मराठी आहे’ असं मध्यस्थ सांगतो, आणि त्यातल्या ‘पण’नं आप्पांचं जेवण जातं. मुलगी स्वतः या सगळ्यात कुठे आहे? ती वर गच्चीवर अभ्यास करते. तिला बँकेची परीक्षा द्यायची आहे आणि नेमणूक कुठेही मिळाली तरी चालेल. ‘कुठेही’ हा शब्द ऐकून आप्पांनी त्या दिवशी बीपीची गोळी दोनदा घेतली.

बीपीचंही दोन राज्यांत चालतं. आप्पांच्या दोन फायली आहेत, एक जळगावची आणि एक इंदूरची. जळगावच्या डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, म्हणून खात्री करायला इंदूर गाठलं. इंदूरच्या डॉक्टरांनी शेव बंद करायला सांगितली. आता आप्पा खानदेशी शेवभाजीही खात नाहीत आणि इंदुरी पोह्यांवरची शेवही खात नाहीत. दोन्ही डॉक्टरांनी शेवटी सांगितलं ते मात्र एकच होतं: टेन्शन घेऊ नका. आप्पांना यातही काळंबेरं दिसलं. “दोन राज्यांचे दोन डॉक्टर, आणि बोलून राह्यले तेच? आपसात ठरलेलं दिसतंय.”

बाकीच्या जगात श्रावण मन शांत करायला येतो. आमच्याकडे तो दोनदा येतो. हिंदी पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे वरच्या भाडेकरूंचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि खाली आप्पांच्या घरात अजून आषाढाचे पंधरा दिवस शिल्लक असतात. हे पंधरा दिवस मांसाहारी मराठी माणसाला किती मोलाचे, हे वेगळं सांगायला नको. पण वर सोमवारचा उपास आणि खाली मटणाचा रस्सा, ही कल्पनाच आप्पांना सोसत नाही. “फोडणीचा वास काही जिना बघून थांबतो का?” म्हणून आप्पांच्या घरी तेव्हापासूनच सोवळं. पुढे राखीपौर्णिमेला भाडेकरूंचा सावन संपतो आणि वरून झणझणीत वास खाली येऊ लागतो, तेव्हा आप्पांचा खरा श्रावण अर्ध्यावर आलेला असतो. असा दोन्हीकडचा मान राखून आप्पा दरवर्षी दीड महिना पाळतात. देवाला याचा हिशेब कुठल्या पंचांगाने लागतो, हे मात्र त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तेही टेन्शन आहेच.

आप्पा फक्त स्वतःच्या घरापुरते काळजी करतात असं कुणी समजू नये. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताई आहेत, त्यांची धाकटी बहीण रावेरला दिलेली. इकडे बायकांसाठी लाडली बहना योजना २०२३ मध्ये सुरू झाली, महिना हजार रुपये, मग वाढून साडेबाराशे. पलीकडे लाडकी बहीण २०२४ मध्ये आली ती पहिल्याच पावलाला दीड हजार घेऊन. ताईंना याचं काही वाटलं नाही. “मिळतंय ना दादा, तेच लई झालं,” म्हणत त्या भांडी घासत राहिल्या. आप्पांनी मात्र तिथेच भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. तेव्हा महिन्याला अडीचशेचा फरक होता, वर्षाला तीन हजार. “म्हणजे थोरली असून तुम्ही धाकटीपेक्षा तीन हजारांनी मागे,” हे त्यांनी ताईंना समजावून सांगितलं. तोवर ताईंचा दिवस चांगला चालला होता. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. बहिणीशी फोनवर भांडण झालं होतं.

पाऊस आला म्हणजे शेतकऱ्याला बरं वाटावं. पण तापी आमच्याकडून पलीकडे जाते. इकडे वर दोन दिवस धो धो पडलं की तिकडे भुसावळजवळ हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, आणि आप्पांची बहीण भुसावळला आहे.

“दादा, केवढा पाऊस झाला रे तुमच्याकडे? इथं एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दरवाजे उघडले म्हणे!”

“अगं, मी काय करू,” आप्पा फोनवर ओशाळून म्हणतात. “थोडा कमी होतोय आता.” बोलण्यात असा सूर, की जणू वरच्या टाकीचा नळ यांच्या हातून उघडा राहिला असावा. पाऊस थांबला की बहिणीला फोन करून कळवतात. तो थांबल्याचं श्रेय मात्र घेत नाहीत. मोठं मन आहे.

गावाला पाहुणे आले की त्यांना शहर दाखवायचं काम आप्पांकडे येतं. इतिहास त्यांना चांगला माहीत आहे, फक्त त्यांच्या इतिहासात प्रत्येक वस्तू हातची गेलेली असते. फारुकी सुलतानांच्या काळी हे शहर खानदेशची राजधानी होतं. “म्हणजे आज आपण ज्या पलीकडेला जातो, ते तेव्हा इकडे येत होते,” असं सांगताना त्यांचा गळा दाटून येतो. असीरगड १६०१ मध्ये अकबराने घेतला. किल्ला तोफांनी पडला नाही, आतल्या माणसांना सोनं चारून घेतला असं म्हणतात. त्यावर आप्पांचा शेरा: “तेव्हाही पलीकडच्यांनी जास्तच रक्कम लावली.” मुमताजमहल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात इथेच वारली, तिला आधी तापीपार झैनाबादच्या बागेत पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. ताजमहाल खरं तर तापीकाठीच व्हायचा होता, असं आमच्याकडे पानवाल्यापासून प्राचार्यापर्यंत सगळे सांगतात. इथे आप्पा थांबतात, पाहुण्यांकडे बघतात आणि म्हणतात, “घरात आलेला ताजमहाल गेला हो.” चारशे वर्षांपूर्वीच्या नुकसानीने या माणसाची भूक आजही मंदावते. एकट्या कुंडी भंडाऱ्यापाशी त्यांचा चेहरा उजळतो. १६१५ च्या सुमारास डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उताराने शहरात आणलेलं. न मोटार, न वीजबिल. “तेव्हाच्या माणसाला मोटार जळायचं टेन्शन नव्हतं,” आप्पा म्हणतात, आणि लगेच घरी फोन लावून मोटार बंद केली का ते विचारतात.

ताजमहालाचं दुःख एवढ्यावर भागलं असतं. पण २०२१ मध्ये आमच्याच गावातल्या एका गृहस्थांनी पत्नीसाठी हुबेहूब ताजमहालासारखं घर बांधलं. घुमट, मिनार, सगळं. देशभरच्या वाहिन्यांनी दाखवलं. जगाने कौतुक केलं आणि बुऱ्हाणपुरातल्या एकूण एक नवऱ्यांची झोप उडाली. आप्पांच्या गच्चीच्या गळतीची दुरुस्ती तीन पावसाळ्यांपासून व्हायची आहे. वहिनी टोचून बोलणाऱ्यांतल्या नाहीत. त्या फक्त टीव्ही बघता बघता म्हणाल्या, “छान आहे. गळत नसेल.” या वेळी आप्पांना ‘पलीकडे’ असंही म्हणता येईना. पहिल्यांदाच टेन्शन अलीकडचं निघालं होतं.

इतकं सगळं लिहिल्यावर वाटेल, की हा माणूस खरं संकट आल्यावर कोलमडत असेल. तसं नाही, आणि आप्पांना ओळखायला लागतं ते इथपासून. एका मे महिन्यात वादळ आलं. निसवलेली बाग, घड महिन्याभरात काढणीला आले असते. अर्ध्या तासात सगळी झाडं आडवी. गल्लीतले आम्ही सगळे धास्तावलो. ताईंना हिशेब सांगून रडवणारा हा माणूस आता काय करेल? आप्पा शेतात गेले. बांधावर उभं राहून त्यांनी एकदा सगळीकडे पाहिलं. मग मोबाइल काढून फोटो घेतले, पटवाऱ्याला फोन केला, पंचनाम्याचा अर्ज पिशवीतून काढला (तो आधीच लिहून ठेवलेला होता, फक्त तारीख घालायची होती), मजूर सांगितले आणि घरी येऊन पोटभर जेवले. रात्री झोपलेही. शेजारच्या मळ्यातल्या दोघातिघांचे अर्जही त्यांनीच भरून दिले.

“आप्पा, टेन्शन नाही आलं?” मी विचारलं.

“कशाचं?” ते खरोखर गोंधळले. “झालं ना आता. त्यात काय ठरवायचं राहिलंय?”

मग माझ्या लक्षात आलं. जे घडून गेलं त्याला पलीकडे नसतं. वाढत्या वयात माणसाला जे खातं ते बहुधा कोसळलेलं आभाळ नसतंच. कर्ज या बँकेचं घ्यावं की त्या, मुलाने पुण्याला जावं की इंदूरला, आईचं ऑपरेशन आता करावं की दिवाळीनंतर, असल्या अजून उघड्या राहिलेल्या दारांतून येणारा वारा असतो. तो तुम्हा-आम्हाला सगळ्यांनाच लागतो. आप्पांच्या घराला दोन राज्यांच्या बाजूंनी दारं आहेत, म्हणून त्यांना जास्त लागतो, इतकंच. आणि गल्लीला त्याचा फायदाच आहे. कुणाला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असो, समग्र आयडीतलं नाव दुरुस्त करायचं असो, सुनेचं माहेरचं नाव कागदावर बदलायचं असो, आप्पांनी ती काळजी आधीच करून ठेवलेली असते. कुठला कागद, कितव्या खिडकीवर, कुठल्या वाराला, सगळं तयार. आम्ही विचारतो आणि निवांत घरी जातो. बीपीची गोळी गल्लीच्या वतीने आप्पा एकटे घेतात.

परवा बालाजीच्या जत्रेला रावेरचे मेहुणे आले. हेही केळीवालेच. आप्पा रोज सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर रावेरचा भाव बघतात आणि दुपारपर्यंत उदास राहतात, हे आम्हाला ठाऊक होतं. मेहुणे जेवायला बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, “दाजी, तुमचं बरं आहे बुवा.”

आप्पांचा हात थांबला. “माझं? काय बरं आहे?”

“अहो, तुमच्या बुऱ्हाणपूरच्या मंडीत लिलाव होतो. आमच्याकडे रोज सकाळी सगळे तुमचाच भाव बघून राह्यतात. भाव तुमचा बघायचा आणि माल त्याच्या खाली द्यायचा, असं चाललंय आमचं. आता जळगावच्या केळीला जीआय मिळाला २०१६ ला, नाव आमचं झालं. पण भाव विचारायचा तो तुमच्या गावाला. बहिणींची योजनाही तुमच्याकडे आधी आली. आणि मावा जिलेबी? ती तर आमच्याकडे नाहीच. मी तर हिला रोज म्हणतो, पलीकडे दाजींचं बरं आहे.”

‘पलीकडे’ हा शब्द आपल्याबद्दल वापरलेला आप्पांनी जन्मात ऐकला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. आप्पांना हसताना बघून त्यांची आई आतून काठी टेकत बाहेर आली. मग ते हसू हळूहळू आटलं आणि कपाळावर ओळखीची आठी चढली.

“थांबा, मेहुणे. तुम्ही आमच्याकडे बघता?”

“रोज.”

“आणि आम्ही तुमच्याकडे बघून राह्यलो. मग खरं बरं आहे कुणाकडे?” आप्पांनी ताट बाजूला सरकवलं. “म्हणजे दोन्हीकडे कुणालाच माहीत नाही? मग आता बघायचं कुठं?”

“ताटात,” वहिनी तूप वाढत म्हणाल्या. “बट्टी गार होतेय.”

आप्पांनी मुकाट्याने ताट ओढलं, बट्टी कुस्करली, वरण घेतलं. दोन घास शांतपणे गेले. मेहुण्यांनीही हुश्श केलं. तिसऱ्या घासाला आप्पांनी मान वर केली.

“मेहुणे, रावेरला बट्टीत मक्याचं पीठ किती घालतात हो?”